पालवणकर बाळू : मैदानातील व मैदानाबाहेरील चरित्र

जुन्या करारातील लेवीय नावाच्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात महोत्सवाच्या वर्षाचा विधी सांगितला आहे. पन्नासावे वर्ष उजाडले म्हणजे रणशिंग फुंकावे, दासांस मोकळे करावे, आणि ज्याची वडिलोपार्जित भूमी दारिद्र्यामुळे हातची गेली असेल त्यास ती परत द्यावी, असा तो विधी होय. आपण आज ज्या शब्दाने आपल्या धर्मग्रामाचा हा सोहळा साजरा करीत आहो, त्या शब्दाच्या मुळाशी पताका व रोषणाई नसून सुटका आहे, ही गोष्ट आनंदाच्या गर्दीत विसरण्यासारखी नाही. स्मरणिकेच्या समितीने ह्या पानांसाठी एखाद्या नामांकित क्रिकेटपटूचे चरित्र मागितले, मुलांस ते आवडेल असे सुचविले, तेव्हा हा विधी आमच्या मनात होता. त्यामुळे निवड करण्यास फार वेळ लागला नाही.

नागपूरकर वाचकांस प्रथम आठवण होईल ती कर्नल सी. के. नायडू ह्यांची. ते ह्याच शहरात ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी जन्मले आणि १९३२ साली कसोटी सामन्यात हिंदुस्थानचे पहिले कर्णधार झाले. त्यांचे गुणगान येथे घरोघर झालेले आहे. परंतु नायडूंच्या षटकारांनी लोक वेडे होण्यापूर्वी एक पिढी, जेव्हा ह्या खेळास मराठीत चेंडूफळी म्हणत असत, तेव्हा ज्या गोलंदाजाचे नाव मुंबई-पुण्याच्या प्रत्येक पोराच्या तोंडी होते, त्याचे चरित्र आपल्यांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. ते गृहस्थ ख्रिस्ती नव्हते. इतकेच नव्हे, तर धर्मांतराच्या ते विरुद्ध होते. तथापि त्यांच्या चरित्रात एक चहाचे बोळके आहे, आणि त्या बोळक्यापुढे आपणा ख्रिस्ती लोकांनीही क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते.

बाळू बाबाजी पालवणकर ह्यांचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवण गावचे, जातीने चर्मकार. म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे अस्पृश्य. वडिलांची उपजीविका पुण्याच्या लष्करी आस्थापनेवर होती. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गावगाड्यात ज्यांस वेशीबाहेर राहावे लागे, त्यांस छावणीत निदान पोटास भाकरी मिळे, मुलांच्या कानावर चार अक्षरे पडत, आणि साहेबलोकांचे खेळ दुरून का होईना, दृष्टीस पडत. बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम ह्यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या फळ्या व चेंडू घेऊन खेळाचे पहिले धडे गिरविले. पुढे गणपत व विठ्ठल हे दोघे बंधूही ह्याच नादाला लागले, आणि चौघेही हिंदू संघातून खेळले.

घरची स्थिती बेताची. तेव्हा शाळा लवकरच सुटली. पुण्यातील एका पारशी क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे हे काम बाळूंस मिळाले. पगार दरमहा तीन रुपये. सदस्यांपैकी कोणास सराव करावयाचा असला म्हणजे चेंडू टाकण्यास ह्या पोरास बोलावीत. १८९२ साली ते गोऱ्यांच्या पूना क्लबात लागले, आणि पगार तिनाचा चार झाला. जाळी बांधणे, टेनिसची अंगणे आखणे, रूळ ओढणे ही कामे होतीच. पण येथील साहेबांच्या ध्यानात लवकरच आले की, हा डावखुरा मुलगा चेंडू टाकतो तेव्हा तो टप्पा पडल्यावर कोणत्या अंगास वळेल ह्याचा भरवसा धरता येत नाही.

त्या साहेबांत जॉन ग्लेनी ग्रेग नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी होता. त्याच्या नावावरूनच लोक त्यास जंगली म्हणत. बांधा ठेंगणा, मनगट चपळ. त्या काळी हिंदुस्थानात खेळणाऱ्या गोऱ्या फलंदाजांत तो अग्रगण्य गणला जाई. तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंकडून चेंडू टाकवून घेई. बाळूंनी आपणास बाद केले की दर खेपेस आठ आणे द्यावयाचे असा त्याने नेम ठेविला होता, अशी आख्यायिका आहे. आठवड्यातून एकदा बाद केले तरी महिन्यास दोन रुपये होत, म्हणजे पगाराच्या निम्मे. तेव्हा ह्या आठ आण्यांनी बाळूंच्या फिरकीस किती धार लाविली असेल ह्याची कल्पना करावी. शेकडो तास त्यांनी चेंडू टाकले. परंतु फळी हाती धरून खेळण्याचा प्रसंग त्यांस त्या क्लबात आला नाही. फलंदाजी करावी ती साहेबांनी, चेंडू टाकावे ते गड्याने, अशी वाटणी होती. आणि ही वाटणी केवळ हिंदुस्थानातील नव्हती, विलायतेतही ती तशीच चाले.

पुण्यातील हिंदू मंडळींचा एक क्लब होता व गोऱ्यांच्या संघास हरविण्याची त्यास ईर्ष्या होती. गोऱ्यांच्या मैदानावरील चार रुपयांच्या गड्याची करामत त्यांच्या कानी गेली. मग वाद माजला. क्लबातील तेलुगू सदस्य बाळूंस घ्यावे म्हणत. स्थानिक ब्राह्मण सदस्यांस ते रुचेना. अस्पृश्याने टाकलेला चेंडू आपण हाती घ्यावा काय, हा प्रश्न तेव्हा कोणी थट्टेने विचारीत नसे. अखेर ग्रेगनेच वर्तमानपत्रातून सांगितले की, हा गोलंदाज हातचा दवडणे म्हणजे हिंदूंचा निव्वळ मूर्खपणा होय. ते त्याने बाळूंच्या प्रेमापोटी सांगितले, की आपणास तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळावा ह्या हौसेपोटी, हे त्याचे त्यास ठाऊक. बाळू संघात आले.

आता ते बोळके. मैदानात अकरा गडी एकच चेंडू हाताळीत. तेथे विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की, इतर गडी मंडपात बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, आणि बाळूंस तो मंडपाबाहेर, पिऊन फेकून देण्याच्या मातीच्या बोळक्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, बसावयाची जागा वेगळी. तोंड धुवावयाचे झाले तर पाणी ओतण्यासाठी अस्पृश्यांपैकीच कोणी गडी एका बाजूस उभा असे. ज्या हाताने संघास विजय मिळे, तोच हात पेल्यास लागू नये अशी ही व्यवस्था होती. त्याबद्दल बाळूंनी तेव्हा तक्रार केल्याचे कोठे वाचनात नाही. ते चहा पीत, आणि पुन्हा मैदानात उतरत.

सातारा येथील गोऱ्यांच्या जिमखान्याने ह्या पुणेकरांस सामन्यास बोलाविले, तेव्हा बाळूंच्या फिरकीचा दंश निघून जावा म्हणून तेथील खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविला होता असे सांगतात. तरी बाळूंनी सात गडी बाद केले व सामना जिंकला. पुण्यास परतल्यावर सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला, आणि ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर जेवण्यास अडचण कोणती, असा रोखठोक मुद्दा मांडला. दुसऱ्या एका सभेत लोकमान्य टिळकांनीही त्यांचा सन्मान केला. ह्या दोन नावांवरून आम्हांस एक प्रसंग आठवतो, तो ख्रिस्ती वाचकांस ठाऊक असावा. १८९० साली पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये पाद्र्यांनी केलेल्या चहापानास रानडे, टिळक, गोखले प्रभृती मंडळी गेली होती. ते मिशन आपल्या मंडळाचे नसून अँग्लिकन पंथाचे होते, तरी सनातन्यांस तो भेद काय? ख्रिस्त्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि पुढे ह्या दोघांसही प्रायश्चित्त घ्यावे लागले. तेव्हा रानड्यांनी बाळूंच्या जेवणाचा प्रश्न काढला तो एका चहाच्या पेल्याची किंमत स्वतः मोजल्यानंतर, हे विसरू नये.

आणि येथे आम्ही आपल्या वाचकांस किंचित थांबविणार आहो. हे सर्व वाचून कोणी समाधानाने मान हलवील की, हा दुसऱ्यांच्या घरचा दोष, आपण तर एकाच वेदीपुढे गुडघे टेकतो. प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय अशा समाधानी माणसाने उघडून पाहावा. अंत्युखिया नगरीत संत पेत्र अन्यधर्मातून आलेल्या बंधूंच्या पंक्तीस बसून जेवीत असे. पण यरुशलेमहून काही माणसे आली तेव्हा त्यांच्या भयाने तो हळूच पंक्तीतून उठला व वेगळा झाला. पौलाने त्यास सर्वांदेखत दोष दिला. पंक्तीचा प्रश्न हा असा ख्रिस्तमंडळाच्या पहिल्या पिढीपासूनचा आहे. हिंदुस्थानात तर जातीप्रमाणे वेगळी बसण्याची जागा व वेगळी दफनभूमी ह्यांचा कलंक काही प्रांतांतील आपल्या मंदिरांस लागलेला आहे. भारतीय महागुरुस्वामींच्या परिषदेने २०१६ साली दलितांविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा तो उघडपणे मान्यही केला. विदर्भात बाके वेगळी नसतील. परंतु सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न कोणता विचारतात, हे धर्मगुरूच्या कचेरीत बसणाऱ्यास पुरते ठाऊक असते.

असो. १८९६ च्या सुमारास पुण्यावर प्लेगचे संकट आले, आणि बाळू मुंबईस गेले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात त्यांस घेताना काही गुजराती सदस्यांनी नाक मुरडले. पण कर्णधार कीर्तिकर ह्यांनी त्यांची समजूत काढली. पोटापाण्यासाठी बाळूंनी लष्करात व पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी केली, आणि त्या त्या ठिकाणच्या संघांतूनही ते खेळले.

१९०६ सालच्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईस हिंदू व युरोपियन ह्यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ व दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांस १९१ व १०२ धावांवर थोपविले, आणि १०९ धावांनी जय मिळविला. ह्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. शिवरामही संघात होते. वंगभंगाची चळवळ भरात असण्याचा तो काळ. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळात हरविले, म्हणून लोकांनी केवढा उत्सव केला! परंतु इंडियन सोशल रिफॉर्मर ह्या पत्राने निराळाच विशेष टिपला. पुण्यास ज्यास मंडपाबाहेर चहा मिळे, तोच गडी मुंबईस आपल्या सोबत्यांबरोबर जिमखान्याच्या उपाहारगृहात बसतो, हा धावांच्या विजयाहून मोठा विजय होय, असे त्या पत्राचे म्हणणे होते. आमच्या अल्प मतीप्रमाणे त्या पत्राने सामना अधिक नीट पाहिला.

१९११ साली पारशी, हिंदू, मुसलमान व शीख खेळाडूंचा एक संघ हिंदुस्थानच्या नावाने विलायतेस गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. पंचम जॉर्ज ह्यांच्या राज्याभिषेकाचे ते वर्ष असल्याने महाराजांस मेजवान्यांतून खेळास सवड थोडीच मिळाली. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. पहिल्या दर्जाचे चौदा सामने झाले, त्यांत दहा गमावले व दोनच जिंकले. परंतु त्या पडझडीत एक मनुष्य उभा राहिला. पस्तिशीतल्या बाळूंनी खांदा दुखत असताही सर्व सामने मिळून ११४ गडी बाद केले, आणि एका गड्यामागे एकोणीसहून कमी धावा दिल्या. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात १०३ धावांत आठ गडी. लिस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून अकरा गडी, आणि तो सामना हिंदुस्थानने जिंकला. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्ध टाँटन येथे एक गडी राखून मिळाला. त्यात शिवराम ह्यांनी नाबाद शतक ठोकले. म्हणजे दोन्ही विजयांवर पालवणकर बंधूंचीच मुद्रा आहे. विलायतेत ह्या बंधूंस चहाचा पेला वेगळा मिळाला नाही, हे सांगावयास नकोच.

परत आल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार करून मानपत्र दिले. ते मानपत्र लिहिण्याचे काम एका विशीतल्या विद्यार्थ्याकडे होते; त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. हेही घराणे रत्नागिरी जिल्ह्यातीलच, हेही लष्करी छावणीत वाढलेले. त्या तरुणास बाळूंविषयी मोठा अभिमान वाटे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता कर्णधारपदाची कथा, जी सांगताना लेखणी जड होते. १९१० नंतर हिंदू संघात वयाने, अनुभवाने व गुणाने बाळूंच्या वरचढ कोणी नव्हते. तरी वर्षामागून वर्ष गेले आणि कर्णधार दुसराच कोणी झाला. १९१३ साली ते पद एम. डी. पै ह्या सारस्वत गृहस्थांस मिळाले. पै सज्जन होते. त्यांच्या ज्ञातिबांधवांनी सत्कार केला तेव्हा ते स्पष्ट बोलले की, हा मान वस्तुतः बाळूंचा होता. पण मान ज्याचा त्यास कोणी दिला नाही. चेंडू हाती घेण्यास, शेजारी बसून जेवण्यासही मंडळी एव्हाना तयार झाली होती. त्याच्या आज्ञेत उभे राहण्यास मात्र तयार नव्हती. मनुष्याच्या मनातील विटाळ हा असा टप्प्याटप्प्याने मागे सरतो, आणि शेवटच्या टप्प्यावर फार काळ तळ देऊन बसतो.

१९२० साल उजाडले. हे वर्ष नागपूरच्या दृष्टीनेही मोठे होय. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस शाहू छत्रपतींच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची अखिल भारतीय परिषद ह्याच शहरात भरली व डॉ. आंबेडकर तीस हजर होते. आणि डिसेंबरात येथेच भरलेल्या राष्ट्रीय सभेने असहकाराच्या ठरावात अस्पृश्यता घालविण्याचे आवाहन हिंदूंस केले. त्याच हिवाळ्यात मुंबईस चौरंगी सामने होते. निवडसमितीने चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंस वगळले, आणि पै आजारी पडताच विठ्ठलांस डावलून पुण्याच्या दि. ब. देवधरांस कर्णधार नेमले. देवधर उत्तम खेळाडू होते ह्यात शंका नाही. पण ते अनुभवाने विठ्ठलांहून धाकटे. तेव्हा विठ्ठल व शिवराम ह्यांनी संघातून अंग काढून घेतले, आणि गुणापेक्षा जन्म मोठा मानला जातो असे जाहीर पत्रक काढून लोकांस कळविले. वीस वर्षे मुकाट्याने चाललेला अन्याय प्रथमच चव्हाट्यावर आला. वर्तमानपत्रांत खळबळ उडाली. लोकमत बंधूंच्या बाजूने झुकले. अंतिम सामन्यास पै परतले, भाऊही परतले, बाळूंस पुन्हा संघात घेऊन उपकर्णधार केले. आणि सामना चालू असता पै काही वेळ मैदान सोडून गेले, म्हणजे तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवावा. एका महान खेळाडूस त्याच्या उभ्या आयुष्यात कर्णधारपद मिळाले ते असे, काही घटका, दुसऱ्याच्या सौजन्याने. बाळूंचा खेळ त्याच सुमारास संपला. पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ गडी बाद केले होते, आणि दर गड्यामागे दिलेल्या धावा जेमतेम पंधरा.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. युरोपियनांस हरविल्यावर लोकांनी त्यांस खांद्यावर घेतले. मोठ्या भावाच्या दारावरून गेलेला मान धाकट्याच्या घरी आला. विठ्ठलांनी पुढे १९४८ साली आपले क्रीडाजीवन मराठीत लिहून प्रसिद्ध केले.

मैदान सुटल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. ह्या भागात विजयाची बेरीज करता येत नाही, आणि म्हणूनच त्यांचे चाहते हा भाग घाईने उरकतात. आम्हांस तसे करावयाचे नाही. अस्पृश्यांस स्वतंत्र मतदारसंघ असावेत की हिंदूंबरोबर संयुक्त मतदारसंघ असून त्यांत जागा राखून ठेवाव्यात, हा १९३२ सालचा ज्वलंत वाद. डॉ. आंबेडकर पहिल्या पक्षाचे होते. मद्रासचे एम. सी. राजा दुसऱ्या पक्षाचे. त्यांनी आपल्या नागपूरच्या डॉ. बा. शि. मुंजे ह्यांच्याशी त्या वर्षाच्या आरंभी तसा करारही केला. बाळूंचा कौल संयुक्त मतदारसंघास होता. ऑगस्टात ब्रिटिश सरकारचा जातीय निवाडा आला, गांधीजींनी २० सप्टेंबरास येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण मांडले, आणि २४ तारखेस पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत मालवीय, जयकर, सप्रू, राजाजी, आंबेडकर ह्यांच्या नावांबरोबर पी. बाळू हे नाव आहे. करारान्वये अस्पृश्यांस प्रांतिक विधिमंडळांत १४८ जागा मिळावयाच्या होत्या. पैकी आपल्या मध्यप्रांताच्या वाट्यास वीस आल्या. पूना क्लबात टेनिसची अंगणे आखणारा चार रुपयांचा गडी ह्या कागदापर्यंत येऊन पोहोचला होता.

त्यांचा कौल बरोबर होता की आंबेडकरांचा, ह्याचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. उपोषणाच्या दडपणाखाली झालेला तो करार आंबेडकरांस अखेरपर्यंत सलत राहिला, आणि नागपुरात तरी त्यांची बाजू कोणास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु बाळूंस बाहुले समजणेही अन्यायाचे होईल. ज्या मनुष्याने मंडपाबाहेरच्या बोळक्यापासून उपाहारगृहातील खुर्चीपर्यंतचा प्रवास स्वतः केला, त्यास असे वाटणे साहजिक होते की, धीराने व गुणाने हे लोक पालटतात, दार लावून घेण्यापेक्षा ते ठोठावीत राहावे. आंबेडकरांस वाटे की दार ठोठावण्यात पिढ्या गेल्या. दोघांजवळही पुरावा होता. एकाच संघात कर्णधारपद नाकारले जाण्याचा पुरावा तर बाळूंच्याच आयुष्यात होता. तरी त्यांनी पहिला पक्ष सोडला नाही.

१९३३ साली ते हिंदू महासभेतर्फे मुंबई नगरपालिकेच्या निवडणुकीस उभे राहिले व पडले. १९३५ च्या ऑक्टोबरात येवले येथे आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळूंनी धर्मांतराचा मार्ग आत्मघातकी ठरविला. आम्ही धर्मगुरू असल्याने ह्या मताशी सहमत होणे शक्य नाही, हे वाचक जाणतातच. पण धर्म पालटला की मनुष्याची जात त्याचा पिच्छा सोडते, असे आम्हांस छातीस हात लावून म्हणता येत नाही. आणि राज्यशासनापुढे तर उलटाच घोटाळा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या, १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस त्या मिळाल्या, आणि त्याच वस्तीतील, त्याच व्यवसायातील, त्याच अपमानाचे धनी असलेले ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. ज्या राखीव जागांच्या कागदावर बाळूंनी सही केली, त्या कागदाच्या वंशजाशी आपल्या कित्येक कुटुंबांचा असा संबंध आहे.

१९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई विधानसभेची निवडणूक आली. भायखळा व परळ ह्या गिरण्यांच्या भागातील राखीव जागेसाठी आंबेडकर उभे होते. त्यांच्यासमोर उभा करण्यास काँग्रेसला असा मनुष्य हवा होता, ज्याच्यावर अस्पृश्यांचेही प्रेम असेल व ज्यास इतरही ओळखतील. बाळूंशिवाय दुसरा कोण असणार? ज्या तरुणाने आपले मानपत्र लिहिले, त्याच्याविरुद्ध ते एकसष्टीच्या उंबरठ्यावर उभे राहिले. मते मोजली तेव्हा आंबेडकरांस १३,२४५ व बाळूंस ११,२२५ निघाली. अंतर अवघे दोन हजार वीसांचे. आंबेडकरांस अशा प्रकारे पराभवाच्या इतक्या जवळ आणणारा उमेदवार काँग्रेसने केवळ डावपेच म्हणून निवडला असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण अकरा हजार मतदार डावपेचास मत देत नसतात. कित्येकांनी ज्यास मैदानात पाहिले होते, त्यास मत दिले असावे.

त्यानंतर बाळू निवडणुकांपासून दूरच राहिले. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि तिचे पालन गुन्हा ठरविणारा कायदा १ जून १९५५ पासून अंमलात आला. वेगळा पेला, वेगळे ताट, मंडपाबाहेरची जागा, हे सर्व त्या दिवसापासून शिक्षेस पात्र झाले. बाळू तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात, ४ जुलै १९५५ रोजी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. अंत्ययात्रेस खेळाडूही होते व दलित समाजाचे लोकप्रतिनिधीही होते. त्यानंतर पंधरा महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या दीक्षाभूमीवर आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. बाळूंचे नाव मात्र हळूहळू लोकांच्या विस्मरणात गेले. २००२ साली रामचंद्र गुहा ह्यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांची हकीकत विस्ताराने सांगितली, तेव्हापासून ते पुन्हा लोकांसमोर आले.

आठ आणे देणाऱ्या त्या ग्रेगचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. त्याचा जन्मही, आंबेडकरांप्रमाणेच, महू छावणीतला. लष्करात तो कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला, निवृत्तीनंतर विलायतेस हँपशायर क्लबाचा चिटणीस झाला, आणि साठी उलटून गेल्यावर त्याने सर्व सोडून कॅथॉलिक धर्मगुरूची दीक्षा घेतली. पुढे त्यास कॅनन ही पदवी मिळाली. बाळूंच्या मागे तीन वर्षांनी, १९५८ च्या मे महिन्यात, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील मिलफर्ड गावी कॅनन ग्रेग निवर्तले. वय शहाऐंशी होते.